तिढा

"ताई, भांडण नाहीये गं आपल्यात. तिढा आहे नुसता."

माझा चुलतभाऊ बापू फोनवर असं म्हणाला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ओट्यावर, स्पीकर लावलेला, बोटांना ओल्या मातीचा वास, आणि बापूच्या आवाजामागे कुठल्यातरी ट्रॅक्टरची धडधड. मी नुसतं "हं" म्हटलं. तो पुढे बरंच बोलला. आल्याच्या बेण्याचे भाव, ठिबकचा खर्च, बँकेतल्या साहेबांनी मागितलेले कागद, आणि शेवटी "ये एकदा सवडीनं, सही करून टाक". फोन बंद झाला. मी काड्या आणि पानं एकाच ढिगात टाकत होते, हे पाच मिनिटांनी लक्षात आलं. सगळी जुडी पुन्हा निवडायला घेतली आणि डोक्यात तो एकच शब्द फिरत राहिला. बापू 'भांडण' म्हणाला असता तर मी भांडले असते. तेवढी तयारी होती माझी, मुद्देसुद्धा मनात लावून ठेवले होते. पण तिढ्याशी कसं भांडणार? भांडण कुणीतरी उकरून काढतं. घोळ कुणीतरी घालतं. भानगड कुणीतरी करतं, लफडं कुणाचं तरी असतं. तिढा मात्र पडतो. पाऊस पडावा, अंधार पडावा, तसा. त्यात कुणाचं नाव नाही, कुणाचा दोष नाही. बापूने किती शहाणा शब्द शोधला, असं वाटलं, आणि लगेच त्याच शहाणपणाचा रागही आला.

आता तो तिढा काय ते सांगते. वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी याची एखादी आवृत्ती असणारच, तेव्हा लवकर उरकते. कोरेगाव तालुक्यात आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, सव्वातीन एकर जमीन. थोरले तात्या, धाकटे अण्णा म्हणजे माझे वडील, आणि दोन आत्या. १९८४ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आबांनी बांधावर उभं राहून काठीनं दाखवलं, इथून वरचं थोरल्याचं, इथून खालचं धाकट्याचं. झाली वाटणी. कागद नाही, मोजणी नाही. वरच्या रानाला रस्ता आहे, विहीर नाही. खालच्या रानात विहीर आहे, जायला रस्ता नाही. आबांनी हे मुद्दाम केलं असावं असं आई म्हणते. दोघांना एकमेकांची गरज लागत राहील, भाऊ भाऊ धरून राहतील. विहिरीत निम्मा निम्मा हिस्सा, चार दिवस पाळी याची, चार दिवस त्याची. सातबारा आजतागायत सामाईक. मीटर तात्यांच्या नावावर. तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. बापूला कर्जासाठी स्वतःच्या नावाचा वेगळा सातबारा हवा, त्यासाठी वाटप कागदावर हवं, आणि त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या. धाकट्या आत्यानं आपला हक्क केव्हाच सोडलाय असं सगळे धरून चालले होते. आता कळलं की तो कागद नोंदवलेलाच नाही, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून कुणाच्या तरी पेटीत पडून राहिला. आणि माझ्यापुरतं बापूचं म्हणणं असं, की तू पुण्यात, अण्णा गेले, रान पडीक, तर विहिरीतला हिस्सा सोड, मी तुला वरून रस्ता लिहून देतो.

विहीर माझ्या रानात आणि हिस्सा मी सोडायचा! पण मोटर जळाली की ती भरून आणणारा बापू. रात्री दोनला थ्री फेज लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जाणाराही बापूच. अकरा वर्षं मी त्या विहिरीत एकदा डोकावून, फोटो काढून आले आहे. म्हणजे तो बरोबर. आत्याही बरोबर, मीही बरोबर. बँकेतले साहेबसुद्धा बरोबर.

आईला विचारलं. तिच्याकडे अशा शब्दांचं भांड्यांसारखं भरलेलं फडताळ आहे, आणि वाटीच्या जागी ती कधी पातेलं काढत नाही. आपण होऊन गळ्यात घेतलं ते झेंगट. न मागता पाठीमागं लागलं ते लचांड. ज्याचा अर्धा भाग कुणी सांगत नाही ती भानगड. कुणीच हात लावत नाही आणि दिवसेंदिवस जड होत जातं ते भिजत घोंगडं. (खरं घोंगडं भिजलेलं कुणी उचललं असेल तर या शब्दाला दाद देईल. कोरडं असताना खांद्यावर टाकता येतं, भिजल्यावर दोघं लागतात.) मी म्हटलं, "आई, बापू म्हणतो तिढा आहे." ती लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "तिढा कसला? त्रांगडं आहे ते." "फरक काय दोन्हीत?" "तिढा सुटतो. त्रांगडं मोडावं लागतं."

आणि पुन्हा लसूण.

तिढा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मात्र माणसांबद्दल नव्हे. बांधाला केकताडं होती. आबा त्यांची पानं तोडून, भारे करून ओढ्याच्या डबक्यात भिजत घालायचे. कुजली की त्यांना असा वास सुटायचा की वाटेनं जाणारी माणसं पलीकडच्या बांधावरून जात. मग ती पानं दगडावर बडवायची, धुवायची, आणि त्या घाणीतून एकदम पांढरा, केसांसारखा लांब वाख निघायचा. दर वेळी नवल वाटायचं. सुट्टीत दोर वळायला मला घ्यायचे. लाकडी फिरकी आबांकडे, दुसरं टोक माझ्या मुठीत. मी ताण धरून एकेक पाऊल मागं सरकायचं, ते वाख जोडत जायचे. तळहात सोलपटायचे, वाखानं खाज सुटायची, पण काम महत्त्वाचं आहे हे कळत होतं. मधेच माशी बसली, कुत्रं भुंकलं, माझं लक्ष गेलं आणि हात सैल पडला, की तो पीळ भरलेला पेड जिवंत असल्यासारखा उसळी घेऊन स्वतःभोवतीच वेटोळं घालायचा. "पडला का तिढा!" आबा म्हणायचे. मी घाबरून टोक ओढायला जायची, आणि मग खरं ओरडणं बसायचं. "ओढू नकोस! ओढला की बसतो तो." कारण ओढलं तर वेटोळं आवळतं, तिथला वाख मोडतो, आणि पुढं कधीतरी बैल हिसडा मारतो तेव्हा दोर नेमका त्याच जागी तुटतो. आबा फिरकी हातात तशीच धरून माझ्याकडे चालत यायचे. दोघांमधलं अंतर कमी झालं की ते वेटोळं आपोआप ढिलं व्हायचं. मग माझ्या मुठीतलं टोक सोडवून घेऊन ते उलटं फिरवायचे, दोन वेढे, तीन वेढे, आणि दोर पुन्हा सरळ.

गाठ मारावी लागते, तिढा पडतो. गाठीला मारणारा हात असतो, तिढ्याला नुसता पीळ पुरतो. आणि पीळ वाईट म्हणावा तर पिळाशिवाय दोरच नाही, सुटा वाख आहे, वाऱ्यावर उडणारा. ज्या पिळानं तीन पेड एकजीव होतात, त्यातलाच जास्तीचा, जागा न मिळालेला पीळ म्हणजे तिढा. हे आबा बोलले नाहीत, मी बोलते आहे. आबा असली वाक्यं बोलत नसत. ते म्हणायचे, "ताण धर."

मेथी निवडून झाली त्या रात्री झोप येईना म्हणून मी मनात शब्द मोजत बसले आणि लक्षात आलं की मराठी माणसाचं भांडण दोरखंडावाचून होतच नाही. आधी सूत जुळतं. मग ताणाताणी. बैठकीत काथ्याकूट, कुणीतरी चऱ्हाट वळत बसतो, प्रश्नाचा गुंता होतो, मनात निरगाठ बसते. सगळं संपलं, घर गेलं, रान गेलं, तरी सुंभ जळाला आणि पीळ राहिला. सासर माझं कोकणातलं. तिकडे केकताडाचा वाख नाही, नारळाचा काथ्या. सासूबाई सुंभ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खरा सुंभ असतो, माझ्या डोळ्यांसमोर फक्त म्हण. एकदा त्यांच्या माहेरच्या आगराचा वाद ऐकताना मला हसू आलं होतं. माडांची संख्या सोडली तर सगळी वाक्यं आमच्याच घरातली होती. अमुक माड कुणी लावला, तमुक पाटाचं पाणी कुणी अडवलं. देशावर वाख, कोकणात काथ्या. पीळ तोच.

आता हा शब्द दोरावरून उठून वर्तमानपत्रात जाऊन बसला आहे. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवतो? निकाल २४ ऑक्टोबरला लागला आणि पुढचा महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर 'सत्तास्थापनेचा तिढा' वाचायला मिळायचा. त्यानंतर जागावाटपाचा तिढा, खातेवाटपाचा तिढा, पालकमंत्रिपदाचा तिढा. दोन अक्षरांचा शब्द, मथळ्यात छान बसतो, आणि कुणाला दोषही देत नाही. दोन्ही बाजूंशी संबंध राखायचे असणाऱ्या बातमीदाराला याहून सोयीचं काय असणार! सरकारी कागदात मात्र तिढा सहसा दिसत नाही. तिथे तंटा असतो किंवा प्रश्न असतो. कृष्णेच्या पाण्याचा तंटा. त्यासाठी १९६९ साली एक लवाद बसला, २००४ साली दुसरा. बेळगावचा सीमाप्रश्न, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि तो अजूनही 'प्रश्न'च. आमच्या गावच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक आहे, २००७ साली ती मोहीम निघाली तेव्हाच्या उत्साहातला. रंग उडालाय, 'मुक्त' तेवढं ठळक वाचता येतं. त्या फलकाखालून रोज जाणारे आमचे दोन भाऊबंद एकमेकांशी बोलत नाहीत, पण फलक खोटं बोलत नाही. पोलिसात अर्ज नाही, कोर्टात दावा नाही, म्हणजे तंटा नाहीच. तिढ्याची फाईल होत नाही.

पण माझं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच जागी. बातमी नेहमी अशी असते की तिढा 'सुटला'. सुटला. पडला तसाच आपोआप सुटला. मराठीत हा केवढा आडोसा आहे! तिढा सुटतो, प्रश्न सुटतो, गाडी सुटते, सुगंध सुटतो. पण कुठलाही तिढा सुटला असेल तर कुणीतरी काहीतरी सोडलेलं असतं. आमच्या कागदाचं नावच बघा ना, हक्कसोडपत्र.

१९९१ साल. आबा जाऊन वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर तात्यांचं आणि अण्णांचं नाव वर लागलं होतं आणि दोन्ही आत्यांची नावं 'इतर हक्क' या रकान्यात. त्या रकान्याचं नाव मला अजून टोचतं. पोटच्या मुली, पण इतर. दोघींना साड्या घेतल्या, थोरल्या आत्याला मोरपंखी, धाकटीला जांभळी. पुरणपोळी केली. जेवणं झाल्यावर सोप्यात कागद आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा थोरली आत्या अंगठा उठवत होती. कुणीतरी तिचा अंगठा धरून पॅडवर दाबला, मग कागदावर. ती काही बोलली नाही. शाई पुसायला फडकं मिळेना, म्हणून तिनं अंगठा अंगावरच्या जुन्या पदराला पुसला, आणि नवी साडी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली, तिला डाग लागू नये म्हणून. एवढंच आठवतं. तिचा कागद रीतसर नोंदवला गेला. धाकटीचा राहिला, त्या दिवशी तिची गाडी लवकर होती.

पुढे १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली सोडून. २००५ साली देशभर कायदा बदलला तेव्हा ही अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि तोंडी वाटणीचं कारण पुढे केलं तर ते सहजासहजी मानायचं नाही. म्हणजे आबांची काठी कायद्याच्या दृष्टीनं हवेतच फिरली होती. हे सगळं मी बापूला फोनवर ऐकवलं असतं, तोंडपाठ करून ठेवलं होतं. आत्यांच्या वतीनं भांडायला मला फार आवडतं. पण अण्णांचं जे रान मी आज 'माझं रान' म्हणते, त्यात त्या मोरपंखी साडीचे गुंठे आहेतच. तेव्हा मी कधी काही बोलले नाही. चहाचे कप गोळा करून आत गेले होते.

धाकट्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, "सही देते की. मला काय करायचंय त्या मातीचं? पण बापू घरी आला नाही गं. फोन केला त्यानं."

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी गावी गेले. कागदांची झेरॉक्स, आधार कार्ड, दोन पेनं, सगळं पिशवीत. घरी कुणीच नव्हतं, वहिनी म्हणाली विहिरीवर गेलेत, मोटर जळली. मग मीही गेले. विहिरीच्या काठावर बापू, त्याचा मुलगा आणि शेजारच्या रानातला एक गडी. पाणबुडी मोटर वर काढायची चालली होती. नायलॉनचा दोर, पिवळा, उन्हानं खरबरीत झालेला, कप्पीवरून खाली गेलेला. "ताई, धर जरा," म्हणून बापूनं दोराचं मागचं टोक माझ्या हातात दिलं, जणू मी कालच येऊन गेले होते. मी पर्स बांधावर ठेवली आणि धरलं. चौघांनी ओढायला सुरुवात केली. मोटर तळातून सुटली, दोर ताणला, पाणी गळायचा आवाज विहिरीत घुमायला लागला. निम्म्यावर आली आणि अडकली. वर बघितलं तर दोराला वेटोळं पडून ते कप्पीच्या तोंडाशी आलं होतं. गड्यानं हिसका द्यायला हात घातला आणि बापू ओरडला, "ओढू नका! बसंल तो!"

आबांचाच आवाज. बापू तेव्हा चार वर्षांचा असेल, त्याला दोर वळणं आठवणं शक्य नाही.

त्यानं दोर लिंबाच्या बुंध्याला दोन वेढे घालून अडकवला, वजन झाडानं घेतलं. मग कप्पीच्या अलीकडचा दोर ढिला केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "फिरव टोक. उलटं. तसं नाही, उलटं." मी फिरवत राहिले. नायलॉन हाताला लागत होतं, दुसऱ्या वेढ्याला वेटोळं उघडलं, तिसऱ्याला गेलं. मोटर वर आली. जळालेल्या वायंडिंगचा तो करपट, गोडसर वास, शेवाळ, आणि मोटरीच्या खाचेत बसलेला एक छोटा बेडूक. बापूच्या मुलानं बेडूक अलगद पाण्यात टाकला. मोटर गाडीवर बांधून बापू कोरेगावला गेला ती भरायला टाकायला, तो परत येईपर्यंत माझी शेवटची एसटी होती. वहिनीनं आल्याची एक गड्डी पिशवीत घातली, झेरॉक्सच्या वर. कागद त्यानं विचारले नाहीत, मी काढले नाहीत. पुण्यात येऊन बघितलं तर सातबाऱ्याच्या झेरॉक्सला मातीचा ओला डाग पडला होता, नेमका 'इतर हक्क' वर. मुद्दाम रचल्यासारखं वाटेल म्हणून हे लिहिणार नव्हते.

तीन दिवसांनी बापूचा फोन आला. "मोटर भरून आणली. बसवली. दोर मात्र बदलला, जुन्यात राम नव्हता. तुझ्या वाटणीचे पाठवशील सवडीनं." मी तेव्हाच पाठवले. पैसे मिळाल्याचं बघून तो जरा थांबला आणि म्हणाला, "बरं, हा नवा दोर ठेवायचा कुणाच्यात?"

"तुमच्यातच ठेव की."

"तसं नको. निम्मा तुझा आहे. उद्या विषय नको."

"मग विहिरीवरच टांगून ठेव, लिंबाला."

"चोरीला जाईल."

"जाऊ दे गेला तर."

"हं," बापू म्हणाला. मागं ट्रॅक्टर चालू होता. "गेला तर दोघांचा जाईल. चालतंय."